घटना घडली की आधी कुठे बघता, आणि विश्वास कुणावर ठेवता?

डिचोलीचा_पाटो

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत होतं, आज धागा काढतोच. गोव्यात काहीही होऊ दे, चोर्ल्यात दरड आली, म्हापशात कुठे आग लागली, झुआरी पुलावर गाड्या अडकल्या, चॅनेलची गाडी निघायच्या आधी आपल्या मोबाईलवर व्हिडिओ पोचलेला असतो. मला त्यात वाईट काही वाटत नाही, उलट मी त्याच बाजूचा माणूस आहे. पण जागेवर असलेला माणूस सांगतो ती एक गोष्ट आणि जागेवर नसलेली शंभर माणसं तेच पुढे पाठवतात ती दुसरीच गोष्ट, आणि आपण दोन्हीला "व्हॉट्सॅपवर आलंय" एवढंच म्हणून मोकळे होतो, हे मला खटकतं.

३ मे २०२५ ची पहाट घ्या. शिरगावला लइराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. आमच्या तालुक्यात धोंड, म्हणजे देवीचं व्रत धरणारा भक्त, नाही असा वाडा सापडणं कठीण, त्यामुळे त्या पहाटे ज्याच्या त्याच्या घरातलं कोणतरी तिथे होतंच. धोंड माणूस व्रतातला, हातात वेताची काठी, मोबाईल गाडीत नाहीतर घरी. फोन लावला की रिंग वाजतेय आणि उचलत कोणी नाही. आमच्या वाड्याच्या ग्रुपवर तेव्हा शेजारच्या मुलाचा एक छोटासा व्हॉइस आला, धापा टाकत बोलत होता, "मी उताराच्या वरच्या अंगाला आहे, खाली माणसं पडलीत, त्यांना उठवतायत, आमच्यातले चौघे माझ्याबरोबर आहेत, मामा दिसत नाही." बस, एवढंच. किती गेले, कशामुळे झालं, यातलं काही नाही, कारण त्याला ते माहीतच नव्हतं. त्याच वेळी बाकी ग्रुपांवर कुणी शॉक लागला म्हणतंय, कुणी ढकलाढकली म्हणतंय, आकडा प्रत्येकाचा वेगळा, आणि जोडीला भलत्याच कुठल्यातरी देवळातल्या गर्दीचा व्हिडिओ. मामी घरात होती, तिला उपयोग झाला तो त्या मुलाच्या आवाजाचा. नंतर त्यानेच परत टाकलं, मामा मिळाला, पायाला लागलंय, बोलतोय.

मला त्या पोराचं फार कौतुक आहे. असं बोलायला कुणी शिकवलेलं नाही त्याला. तुमच्याकडे काय करता, मोठी घटना झाली की कुठे बघता आणि कुणाचं खरं धरता?

मांडवीपार

चांगला विषय काढलास भाऊ. मी २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत होते, चर्चगेटजवळ हॉस्टेलवर. ट्विटर तेव्हा आपल्याकडे नवीनच होतं, पण कुलाब्यातले लोक खिडकीतून काय ऐकू येतंय ते लिहीत होते, कुणी गल्लीतले फोटो फ्लिकरवर टाकले, रक्त कुठे द्यायचं ते आम्हाला तिथूनच कळलं. खरंच आधार होता तो. पण त्याच वेळी टीव्हीवर नरिमन हाऊसच्या गच्चीवर कमांडो हेलिकॉप्टरमधून उतरताना सगळ्या देशाला लाईव्ह दाखवलं, आणि पलीकडे बसलेले हस्तक तोच टीव्ही बघून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. २०१२ मध्ये कसाबच्या निकालात सुप्रीम कोर्टाने चॅनेलवाल्यांना यावरून कडक शब्दांत सुनावलं. पुढे २०१५ मध्ये केबलच्या नियमांत बदल झाला, अतिरेकीविरोधी कारवाई चालू असताना लाईव्ह दाखवायचं नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी माहिती देईल तेवढीच.

पण तो नियम चॅनेलला. गच्चीवर फोन घेऊन उभ्या असलेल्या मुलाला कोण सांगणार? पहलगामनंतर एप्रिल २०२५ मध्ये सरकारने सूचना काढली तेव्हा त्यात सोशल मीडियावर टाकणाऱ्यांनाही धरलं होतं, की सैन्याच्या हालचाली लाईव्ह दाखवू नका. आपल्याकडे दाबोळीला नौदलाचा तळ आहे, वास्कोत अर्ध्या गच्च्यांवरून विमानं दिसतात, तेव्हा हे आपल्याला जास्तच लागू. म्हणून पाटो, तुझ्या म्हणण्यात एक भर घालते, जागेवरच्या माणसाने खरं सांगावं हे बरोबरच, पण खरं असलं तरी काही गोष्टी त्या घडीला दाखवायच्या नसतात.

पायलट_म्हापसा

मी भाड्याची बाईक मारतो, स्टँडवर आम्हाला सगळं पयलं कळतं. आमचा नियम सोपा. जो तिथून आलाय त्यालाच विचारायचं, "तू बघितलंस?" हो म्हणाला तर ऐकायचं.

जुना_बातमीदार

पायलटभाऊ, तुम्ही जे स्टँडवर विचारता तेच आमचे संपादक आम्हाला विचारायचे, "तू बघितलंस की तुला सांगितलं?" मी ऐंशीच्या दशकात सांगे-केप्याकडे स्ट्रिंगर, म्हणजे पेपरचा गावाकडचा बातमीदार होतो. मोठा अपघात झाला की तिस्कावरच्या एसटीडी बूथवर जाऊन पणजीला फोन, फोटो असला तर फिल्मचा रोल पाकिटात घालून कदंबा बसच्या कंडक्टरच्या हातात, ऑफिसचा माणूस पणजी स्टँडवर उभा. एवढ्या उशिराने बातमी जायची, पण त्या उशिरात एक सोय होती, मधल्या वेळात दोन ठिकाणी विचारून घेता यायचं. मेलेल्यांचा आकडा लोकांनी सांगितला म्हणून कधीच घ्यायचा नाही, तो डॉक्टरचा नाहीतर पोलीस ठाण्याचा. जखमी कुठे नेले ते रिक्षावाल्याला विचारायचं, तो कधी चुकत नाही. घटना किती वाजता झाली ते समोरच्या दुकानदाराला, कारण त्याने शटर कधी ओढलं ते त्याला पक्कं आठवतं. प्रत्येकाला त्याच्या डोळ्यासमोरचंच विचारायचं, पलीकडचं विचारलं की तो अंदाज सांगायला लागतो.

आणि नवीन मंडळींना वाटतं की सामान्य माणसाने बातमी देणं हे मोबाईलमुळे सुरू झालं. अरे बाबांनो, गोव्यात हे १९५५ ला झालंय. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून सरहद्दीपलीकडच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवला, पोर्तुगीजांची सेन्सॉरशिप होती, इथल्या पेपरात जे छापून येत नव्हतं ते हे दोघे तिथून कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये वाचून दाखवायचे. ऑफिस नाही, पगार नाही, पाऊस आणि जंगल. सहा वर्षं हे चाललं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्याचं त्यांनी विमानातून जाहीर केलं. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, शंभरी गाठल्यावर. एवढी वर्षं लोकांनी त्यांचं ऐकलं कारण सांगितलेलं खरं निघायचं. लोक एकदा फसले असते तर दुसऱ्या दिवशी रेडिओ लावलाच नसता.

सत्तरीचो_झील

काका मस्त माहिती. आता आमच्याकडचं ऐका. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आग लागली तेव्हा पहिले दिवस बाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता. रात्री आमच्या अंगणातून डोंगरावर लाल रेघ दिसायची, वर चढताना, सकाळी उठलो की पोरसात राख. आमच्यातली मुलं फोटो काढून टाकत होती, कुठला डोंगर, कुठल्या गावाच्या बाजूने, किती वाजता. पणजीवाल्या पर्यावरणवाल्यांनी ते उचललं, मग पेपर, मग चॅनेल, आणि मग नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं बादलीने पाणी ओतायला आली. जंगलात बातमीदार पोचायला वेळ लागतोच, पण मग तिथे राहणाऱ्याने लिहिलं नाही तर कोण लिहिणार?

शेळ-मेळावलीचं पण तसंच. जानेवारी २०२१ ला आयआयटीच्या जमिनीवरून पोलीस आणि गाववाले समोरासमोर आले, त्यात बायका पुढे होत्या. ते मोबाईलवरचे व्हिडिओ नसते तर दुसऱ्या दिवशी फक्त एका बाजूचं निवेदन छापून आलं असतं. त्याच महिन्यात प्रकल्प तिथून हलवला. म्हणून कुणी "व्हॉट्सॅपवर विश्वास ठेवू नका" असं सरसकट म्हटलं की मला राग येतो. विश्वास कुणावर ठेवायचा हे शिका, पण आमचा आवाज बंद करू नका.

रात्रपाळी

मी नर्स आहे, कॅज्युअल्टीत काम केलंय, तेव्हा मला वेगळंच सांगायचंय. गोवा एवढासा, इथे सगळे एकमेकांना ओळखतात. अपघाताच्या व्हिडिओत स्कूटरची नंबरप्लेट दिसली, हेल्मेटवरचा स्टिकर दिसला, कंपनीचा शर्ट दिसला, की त्या घरात कळलं. आम्ही पेशंटला आत घेऊन अजून बीपी बघतोय आणि दारात त्याची आई पोचलेली, हातात मोबाईल, त्यावर तिच्याच मुलाचा रस्त्यावर पडलेला फोटो. तिला फोन कुणी केला नव्हता, फोटो कुणीतरी "बघा हो ओळखीचा आहे का" म्हणून टाकला होता. असं मी एकापेक्षा जास्त वेळा बघितलंय. टाकणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण आईला असं कळू नये हो.

ओळख पटवायला फोटोची गरजच नसते. पाकिटात लायसन असतं, फोनवर "आई" नावाने सेव्ह केलेला नंबर असतो, पोलीस ते बघतात. तुम्ही तिथे आहात ना, मग १०८ लावा, रस्त्याची एक बाजू मोकळी करा, रक्त वाहतंय तिथे कपडा दाबून धरा. आणि पोलिसांच्या भानगडीत अडकू म्हणून घाबरू नका, २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, तुमचं नाव सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही.

फोंड्याची_बाय

रात्रपाळी ताई, वाचून काटा आला. कुडचड्याला मे २०१७ मध्ये काय झालं आठवतंय ना सगळ्यांना, नदीत उडी मारलेल्या माणसाला वाचवायचं काम चाललं होतं, ते बघायला लोक पोर्तुगीज काळातल्या जुन्या पादचारी पुलावर जमले, तो वापरायला बंद केलेला होता, आणि गर्दीच्या भाराने तोच कोसळला. बघायला गेलेली माणसं गेली त्यात. मी मुलांना नेहमी सांगते, घटनेच्या ठिकाणी तुमचं काम नसेल तर जाऊच नका, व्हिडिओ काढायला तर नाहीच नाही.

आल्तिनोवर

तांत्रिक बाजू मी सांगतो, माझं कामच हे आहे. व्हिडिओ आला की आधी आवाज बंद करून बघा. आवाजाने आपण घाबरतो आणि डोळे नीट काम करत नाहीत. मग कडेकडेचं बघा, मधलं नको. दुकानाच्या पाट्या कुठल्या भाषेत, गाड्यांच्या नंबरप्लेटवर जीए आहे का, विजेचा खांब, बसचा रंग, माणसांच्या अंगावर रेनकोट की स्वेटर. दर पावसाळ्यात एकच दरडीचा व्हिडिओ कधी अनमोड, कधी चोर्ला, कधी आंबोली म्हणून फिरतो, आणि त्यातल्या रस्त्याला ज्या तऱ्हेचा कठडा आहे तसा आपल्या तिन्ही घाटांत नाही. तेवढं पाच सेकंदांत कळतं. मग चौकटीचा स्क्रीनशॉट घेऊन गूगल लेन्सला द्या, जुना असेल तर बहुतेक वेळा निघतो. २३ जुलै २०२१ ला पूर आला, दूधसागर-सोनावळी भागात दरडीमुळे ट्रेन घसरली, ते खरं होतं. म्हणूनच पुढच्या पावसात तोच फोटो "आत्ता" म्हणून आला की लोकांना पटतो. खरा जुना फोटो सगळ्यात जास्त फसवतो, खोट्यापेक्षा.

मे २०२५ मध्ये तर चक्क व्हिडिओ गेममधली दृश्यं युद्ध म्हणून फिरली, सरकारच्या पीआयबीला खुलासे करावे लागले.

आणि बाहेरची दोन उदाहरणं देतो, पाटोचा मुद्दा त्यातून लख्ख दिसतो. मे २०११, पाकिस्तानातलं ऍबटाबाद, अमेरिकेने ओसामाला मारलं ती रात्र. एका आयटीवाल्याने रात्री एकच्या सुमाराला ट्विट केलं की गावावर हेलिकॉप्टर घिरट्या घालतंय, आणि हे इथे सहसा होत नाही. ओसामाचा पत्ता त्याला नव्हता, त्याने तर्क लावला नाही, ऐकू आलं ते लिहिलं, आणि ते जगातलं पहिलं वृत्त ठरलं. दुसरं एप्रिल २०१३, बॉस्टन मॅरेथॉनचे स्फोट. रेडिटवर हजारो लोक घरबसल्या फोटो जुळवत बसले आणि एका बेपत्ता विद्यार्थ्याला, भारतीय वंशाचा मुलगा, संशयित ठरवून मोकळे झाले. त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्याच्या घरच्यांना त्या रात्री काय काय ऐकावं लागलं, आणि मुलगा आधीच गेलेला होता, काही दिवसांनी नदीत सापडला. यातलं कुणीच जागेवर नव्हतं, हे लक्षात घ्या.

कुळागर

सगळं मान्य, पण मला एक भीती वाटते ती बोलून दाखवतो. आपण "खात्री करा, खात्री करा" म्हणत राहिलो की अधिकाऱ्याच्या हातात काठी मिळते. अडचणीची बातमी आली की ती अफवा, आणि टाकणाऱ्याला नोटीस. न्याय संहितेचं कलम ३५३ खोटी माहिती पसरवण्यावर आहे, असायला हवंच, पण आयटी कायद्यातलं ६६अ आपण विसरलो का? पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून उचललं, आणि ते कलम सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, तोपर्यंत किती जण भरडले गेले. गावच्या डोंगरावर बेकायदा जेसीबी चाललाय म्हणून कुणी व्हिडिओ टाकला तर त्याने आधी मामलेदाराकडे खात्री करायची का? तोवर डोंगर संपेल.

डिचोलीचा_पाटो

कुळागर, तुमच्याशी पूर्ण सहमत. डोंगर कापताना ज्याने बघितलं तो साक्षीदार आहे, त्याने परवानगी कुणाची घ्यायची? माझं म्हणणं पुढे पाठवणाऱ्याबद्दल आहे. साक्षीदाराने लगेच बोलावं, आणि आपण बाकीच्यांनी त्याच्या बोलण्यात स्वतःचं काही घालू नये. मूळ मेसेज कुणाचा, कुठून, किती वाजता, हे पुसून टाकून आपण पुढे ढकलतो तिथे सगळं बिघडतं. पहिल्या माणसाने "मला वाटतं" लिहिलेलं असतं, तिसऱ्या ग्रुपपर्यंत ते "समजतं" होतं आणि दहाव्या ग्रुपवर "ब्रेकिंग".

जुना_बातमीदार

आणि पहिला आकडा बदलतो हे वाचणाऱ्यानेही गृहीत धरावं. डिसेंबर २०२५ ला हडफड्याच्या नाईटक्लबची आग, रात्री सिलिंडरचा स्फोट म्हटलं, मृतांचा आकडा आधी २३ होता, सकाळपर्यंत २५ झाला, आणि कारणही पुढे वेगळं समोर आलं. सुरुवातीचं सांगणारे अधिकृतच होते. ते खोटं बोलले असं नाही, आतल्या तळघरात माणसं अजून सापडत होती. लोकांनी मात्र आधीचा मेसेज आणि नंतरचा मेसेज शेजारी ठेवून "लपवाछपवी" सुरू केली. लपवाछपवीचा संशय घ्यायला जागा असते, परवाने कुणी दिले हे विचारायलाच पाहिजे, पण आकडा वाढला म्हणून नव्हे.

पेडण्याचा_पंच

मी पंच आहे म्हणून रायनपाडा कधी विसरू शकत नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज फिरत होते, आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना बाजारात गाठून लोकांनी ठेचून मारलं. पाच माणसं, मंगळवेढ्याकडची. त्यानंतर व्हॉट्सॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा आणली. २०२० मध्ये पालघरला गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तसंच. आपल्याकडेही दर वर्षी तो मेसेज येतो, गाडी कुठल्या रंगाची तेवढं बदलतं. आमच्या गावात असा मेसेज आला की मी ठाण्यात फोन करतो आणि उत्तर काय मिळालं ते माझ्या नावानिशी ग्रुपवर टाकतो, अमुक वाजता बोललो, अशी तक्रार नाही. नाव टाकलं की लोक ऐकतात, आणि उद्या चुकलं तर धरायला कोणतरी असतं.

मांडवीपार

पंच, असे तुमच्यासारखे प्रत्येक वाड्यावर हवेत.

रात्रपाळी

हडफड्याचं निघालं म्हणून एक राहिलेलं बोलते. गेलेल्यांत बरेचसे आत राबणारे कामगार होते, झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळकडचे. आपले सगळे ग्रुप मराठी-कोकणीत, आपल्या वाड्याचे, आपल्या नातेवाइकांचे. शिरगावच्या मामीला निदान शेजारच्या मुलाचा आवाज ऐकू आला. त्या मुलांच्या घरी कोण सांगणार होतं? त्यांना टीव्हीवरची आग दिसली असेल, आणि फोन लागत नसेल. खोलीतला जोडीदार कुठे कामाला होता हे दुसऱ्या हॉटेलातल्या मुलाला माहीत असतं, घरमालकाला नावसुद्धा धड माहीत नसतं. याचं काय करायचं ते मला सांगा.

पायलट_म्हापसा

बाय, आमच्या स्टँडच्या ग्रुपवर आता त्या पोरांना घेतलंय. कळंगुट-बागा-हडफडे पट्ट्यात रात्री दोन-तीनला कामावरून सुटतात, आमचीच बाईक घेतात, तर ओळख होतीच. प्रत्येकाने आपलं नाव, गाव, कुठे कामाला, आणि घरच्या एकाचा नंबर द्यायचा, नंबर ग्रुपवर नाही टाकायचा, माझ्याकडे आणि अजून एकाकडे वहीत लिहिलेला असतो. काही झालं की ज्याने डोळ्यांनी बघितलं त्याने सांगायचं, कुठे आहे, कोण बरोबर आहे. हिंदीत टाका म्हणून वर पिन करून ठेवलंय. घरी फोन आम्ही दोघांपैकी एकच करणार, खात्री झाल्यावर, बाकीच्यांनी नाही.

पेडण्याचा_पंच

हे उत्तम आहे. मोपा विमानतळ झाल्यापासून आमच्याकडेही भाड्याच्या खोल्या भरल्यात, पंचायतीत भाडेकरूंचे फॉर्म भरून घेतो पण ते ठाण्याच्या फाईलीत जातात. पायलटभाऊ, वहीत घरचा नंबर लिहायला पोरं तयार झाली का लगेच, की त्यांना भीती वाटली? मला आमच्याकडे सुरू करायचंय.

पायलट_म्हापसा

पयल्यांदा बिचकली. वाटलं पोलिसांना देणार. मग त्यांच्यातल्याच एका जुन्या नेपाळी कुकने सगळ्यांसमोर स्वतःचा लिहिला, त्यानंतर रांग लागली. पंच म्हणून तुम्ही मागू नका, त्यांच्यातला एक जुना माणूस आधी धरा.